'खाजन' हा शब्द पोर्तुगीजांनी दिलेला नाही

मांडवीकाठ: परवा एका व्याख्यानात ठासून सांगितलं गेलं, की 'खाजन' हा शब्द पोर्तुगीज 'काझाना'वरून आला. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: खाडीकाठी बांध घालून भरतीपासून राखलेली शेतजमीन म्हणजे खाजन. पावसाळ्यात भात, नंतर मासळी. बांधात 'मानस' असते, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारी झडप. भरती चढली की पाण्याच्याच रेट्याने तिची लाकडी दारं मिटतात. ओहोटी लागली की आतलं पाणी ती दारं ढकलून बाहेर पडतं.

आता गोव्यातल्याच बांदोड्याचा ताम्रपट बघा. कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्मन राजाचा, पाचव्या-सहाव्या शतकातला. त्यात 'खज्जन' जमीन दान दिली आहे आणि बांध घालून खारं पाणी अडवायची मुभाही दिली आहे. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० साली. हजारएक वर्षं आधीचा शब्द त्यांनी आम्हांला कसा दिला?

पणजीचा वाचक: ताम्रपटातला शब्द आणि आजचा शब्द एकच कशावरून? दिसायला सारखे म्हणून? कोमुनिदादींच्या, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थांच्या कागदांत 'काझाना' आहे. शेतकऱ्याचा संबंध त्या कागदांशी, शिलालेख-ताम्रपटांशी नव्हे. पगार, चावी हे शब्द आपण त्यांच्याकडूनच उचलले ना?

मांडवीकाठ: उचलले, पण ते कसे उचलले ते पाहा. पोर्तुगीजांकडे 'ख' नाही. त्यांचा 'काजू' आपल्याकडे काजूच राहिला, 'कोव्ह'ची कोबी झाली. त्यांच्या 'क'चा आपण 'ख' करत नाही. उलट आपला 'ख' त्यांना जमत नाही, म्हणून खाजनचं काझाना झालं. शिवाय प्राकृत अज्जचं आज झालं, हत्थचा हात झाला, त्याच वाटेने खज्जनचं खाजन होतं. यात दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

कारवारचा: कुमठ्याला अघनाशिनीच्या खाडीत अशाच जमिनींना 'गजनी' म्हणतात. कग्ग नावाचं खारं पाणी सोसणारं भात तिथे पिकतं. गोव्यावर कदंब या कानडी राजघराण्याचं राज्य होतं, हे विसरू नका. शब्द कानडीच.

मांडवीकाठ: भाऊ, अस्सल कानडी शब्दात महाप्राण, म्हणजे 'ख', 'घ'सारखा 'ह' मिसळलेला उच्चार नसतो. 'गजनी'ला 'ख' कुठून फुटला असता? उलटा प्रवास सहज पटतो. आणि गोव्याचे कदंब त्या ताम्रपटानंतर कितीतरी शतकांनी आले.

फोंड्याची लेक: पोर्तुगीज नाही, इथवर मान्य. पण मग 'खज्ज' आला कुठून? बरेच जण 'खार' म्हणतात. मला ते पटत नाही, 'र'चा 'ज्ज' होत नाही. संस्कृत 'खाद्य'चं प्राकृतात 'खज्ज' होतं. जत्रेतलं खाजं त्यातूनच आलं. खायला देणारी जमीन ती खाजन.

रत्नागिरीकर: बाय, आमच्याकडे खाजण म्हणजे तिवरांचा चिखल, शेत नव्हे. दान दिली तेव्हा त्या जमिनीवरही बांध नव्हता, तो पुढे घालायचा होता. म्हणजे तुमचाच ताम्रपट आमचा अर्थ सांगतो. पीकच नव्हतं, तर 'खाद्य' कसलं?

फोंड्याची लेक: चिखलात उतरून बघा. तिसऱ्या (शिंपल्या), कुर्ल्या (खेकडे), वर भरतीची मासळी. भात लावायच्या आधीपासून माणसं तिथून खातच होती. 'खाद्य' म्हणजे भातच, असं कुठे आहे?

मांडवीकाठ: ताई, तिसऱ्यांनी पोट भरेल, व्युत्पत्ती सिद्ध होणार नाही. शेवटचा 'न' कुठला, ते आधी दाखवा. रत्नागिरीकरांचा मुद्दा मात्र तपासायला हवा. गोव्यात चोडण, दिवाडी किंवा सासष्टीच्या बाजूला कुणी जुनी माणसं बांध न घातलेल्या चिखलालाही 'खाजन' म्हणतात का? घरात विचारा आणि गावाच्या नावासकट इथे लिहा.