फुकट घेणारे हुशार आणि आम्ही आळशी?

हिशेबी
परवाचा "वर्षभरात एकही शाम्पू विकत घेतला नाही" हा धागा वाचला आणि राहवलं नाही. टिपणवही यांचं म्हणणं थोडक्यात असं: सॅम्पलचे फॉर्म भरा, दिसेल ती ट्रायल घ्या, मुदतीआधी रद्द करा, आणि ज्यांना हे जमत नाही ते आळशी. तिथेच उत्तर लिहायला बसले होते, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मी आळशी नाही. चेहऱ्याच्या क्रीमची चौदा दिवसांची ट्रायल मी घेतली होती, फक्त पाठवणीचा खर्च भरून. डबी हातात पडली सहाव्या दिवशी. चौदा दिवस मात्र ऑर्डर दिल्यापासून मोजले होते. ही ओळ बटणाच्या खाली फिकट करड्या अक्षरांत होती. मी ती फोनवर दोन बोटांनी मोठी करून वाचली, पैसे कापले गेल्यावर. दर महिन्याला नवी डबी येणार हेही तेव्हाच कळलं. नाव नोंदवायला दोन मिनिटं लागली होती. रद्द करायला फक्त एक फोन नंबर, आणि तिथे चाळीस मिनिटं नुसतं संगीत.

असल्या मांडणीला हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्येच 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं. म्हणजे माणूस चुकावा म्हणूनच ते पान तसं रचलेलं असतं. त्यात जो अडकला त्याला वर आळशी म्हणायचं?

टिपणवही
धागा माझ्यावरच आहे म्हणून लिहितो. तुमचं वाईट झालं, पण कार्ड देण्याआधी अटी वाचल्या नाहीत हे तुम्हीच लिहिलंय. माझी पद्धत साधी आहे. ट्रायलसाठी वेगळा मेल आयडी. मर्यादा घातलेलं व्हर्च्युअल कार्ड, म्हणजे फक्त ऑनलाइन वापरायचा वेगळा कार्ड नंबर. वहीत तीन रकाने: कधी घेतली, कधी संपते, कुठून रद्द होते. बहुतेक ॲपांच्या ट्रायल मी घेतल्या दिवशीच रद्द करतो, तरी त्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतात. आणि साध्या सॅम्पलला तर कार्ड लागतच नाही. घरात आम्ही पाच जण, पाच नावं, पाच नंबर, म्हणजे पाच सॅम्पल. यात कुणाचं काय गेलं?

नियमावर_बोट
एक भर. व्हिसाने एप्रिल २०२० पासून विक्रेत्यांना बंधन घातलंय की ट्रायल संपून पैसे कापायच्या किमान ७ दिवस आधी आठवण पाठवायची आणि सोबत रद्द करायची लिंक द्यायची. मास्टरकार्डने २०१९ मध्येच वस्तूंच्या ट्रायलसाठी नियम आणला, की मुदत संपल्यावर ग्राहकाची पुन्हा संमती घ्यायची. हिशेबी, बँकेकडे तक्रार केलीत का?

हिशेबी
केली. विक्रेत्याने मी टिक केलेल्या चौकटीचा पुरावा दिला. ती चौकट आधीपासून टिक केलेलीच होती. नियम असेल हो, पण माझे पैसे परत आले नाहीत.

केतकी_प
मला ट्रायलचं सोडा, "पाच नावं, पाच नंबर" यावर बोलायचंय.

माझ्या भाच्याने माझ्या आईचा नंबर अशाच फॉर्मांत भरला. चार-पाच पुड्या आल्या असतील. नंतर फोन सुरू झाले. कर्ज, विमा, "तुम्हाला बक्षीस लागलंय". दिवसाला आठ-दहा. आई कंटाळली आणि अनोळखी नंबर उचलायचंच तिने सोडून दिलं. बाबांच्या तपासणीचा अहवाल तातडीने न्यायला बोलावणारा फोन तिने तीन वेळा कट केला. आम्हाला दोन दिवसांनी कळलं. बाबा आता बरे आहेत, पण ते दोन दिवस मी विसरणार नाही. तुम्ही विचारता कुणाचं काय गेलं. हे गेलं.

टिपणवही
केतकीताई, वाईट वाटलं. पण मी घरच्यांना विचारून नंबर भरतो. तुमच्या भाच्याचं खापर माझ्यावर नको.

केतकी_प
काय विचारता? "आई, तुझा नंबर टाकू का, शाम्पू मिळेल" एवढंच ना? हा नंबर पुढे कुणाकुणाकडे जाईल हे तुम्हाला तरी माहीत आहे का? मग ती हो म्हणाली ते कशाला?

जुना_गडी
माझी चार वर्षं एका कंपनीच्या रद्द-विभागात फोन घेण्यात गेली, म्हणून सांगतो. गिऱ्हाईक "बंद करा" म्हणालं की तीन वेळा सवलत द्यायची, चौथ्यांदा म्हणालं तरच बंद करायचं, असा लेखी आदेश होता. रडणाऱ्या बाईलाही मी तीन वेळा सवलत दिलीय. आणि आमच्याकडे याद्या यायच्या तेव्हा एकाच पत्त्यावरची चार-पाच नावं लगेच ओळखू यायची. फुकट्या कोण ते बघायचं कारण नव्हतं. फोन मात्र पाचही जणांना जायचे.

तिसरा_प्रहर
इथे सगळे पोट भरलेले बोलतायत. माझी नोकरी गेली तेव्हा मुलगी सात महिन्यांची होती. डायपरची सॅम्पलं, साबणाच्या वड्या, दुधाच्या पावडरीचे डबे, सगळे फॉर्म मी रात्री जागून भरले. लाज नाही वाटली आणि आजही वाटत नाही. मेल आयडीचं काय होईल याची चिंता करायला आधी घर चालावं लागतं.

हिशेबी
तुम्ही गरजेपोटी घेतलंत, त्याबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. माझा राग 'आळशी' या शब्दावर आहे. आणि खरं सांगायचं तर अशा अडचणीतल्या माणसाच्या खात्यातून पूर्ण डबीचे पैसे गेले तर तो महिना कसा निघेल?

तिसरा_प्रहर
हे मान्य. माझे एकदा गेले होते. लिहायचं टाळलं होतं.

टिपणवही
सगळे मिळून मला चोर ठरवताय. मी कुणाला फसवलं नाही, कंपनी देते ते घेतो. व्हर्च्युअल कार्ड आणि वही यांबद्दल लिहिलेला शब्द न् शब्द मी मागे घेणार नाही.

जुना_गडी
चोर कुणी म्हटलं? आणि कार्ड नाकारलं गेलं म्हणजे करार संपला असं नसतं, थकबाकी म्हणून मागे लागतात. रद्द केल्याचा मेल जपून ठेवा, हेही त्या वहीत लिहा.

टिपणवही
'आळशी' हा शब्द काढलाय. घरच्यांच्या नंबरची सूचनाही काढलीय. बाकी लेख तसाच राहील.

काल आईचा फोन हातात घेऊन बसलो. दुपारभरात सात कॉल. तिला विचारलं तर म्हणाली, "रोजचंच आहे रे." आज जुने फॉर्म उघडून तिचा नंबर काढत बसलोय. तीन ठिकाणी निघाला. एका ठिकाणी नंबर बदलता येतो, काढता येत नाही.

केतकी_प
तिथे तुमचा टाका.