समाज गरजेतून उभा राहतो की आपलेपणातून?

खानापूरकर: एकट्याला न उरकणारे काम उरकावे म्हणून समाज उभा राहतो, असे माझे ठाम मत आहे. आमच्या तालुक्यात भाताची रोप लावण पैऱ्याने, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबून होते. चिखलणी झाली की तरव्याच्या जुड्या बांधावर येतात, आणि उपटलेले रोप फार काळ ठेवता येत नसल्यामुळे आज शेजारच्या बाया माझ्या शेतात वाकलेल्या असतील, तर उद्या आमच्या घरची माणसे त्यांच्या चिखलात उतरतात. वहीत नोंद नसते, तरी कोणाचा दिवस फेडायचा राहिला हे सर्वांच्या ध्यानात असते. स्पेनमधील व्हॅलेन्सियात कालव्याच्या पाण्याचे तंटे शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच दर गुरुवारी चर्चच्या दारात बसून तोंडी मिटवतात. सामाईक साधने वापरणारे लोक स्वतःच नियम करून ते पाळू शकतात, हे अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अशाच व्यवस्थांच्या अभ्यासातून दाखवले आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

निपाणीकर: गरजेने माणसे जमतात, पण गरज सरली की ती पांगायला हवीत, तशी ती पांगत नाहीत. तुर्कस्तानात गोबेक्ली टेपे येथे सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वी, शेती रुजण्याआधी, शिकारीवर आणि रानातल्या धान्यावर जगणाऱ्या लोकांनी कित्येक टनांचे दगडी खांब उभे केले. त्या खांबांनी कोणाचे पोट भरणार होते? कर्नाटकातील सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या यात्रेला कोल्हापूर-सांगलीकडचे मराठी आणि इकडचे कन्नड भाविक एकच भंडारा लावून उभे असतात, तेव्हा त्यांच्यात कोणत्या कामाची देवघेव चालू असते? चौदाव्या शतकातील अरब इतिहासकार इब्न खल्दूनने नात्यातून निर्माण होणाऱ्या आणि धर्माने बळकट होणाऱ्या एकोप्यालाच सत्तेचा पाया मानले होते.

अथणीकर: आपण दोघेही समाजाचा हेतू सर्वांसाठी एकच होता असे गृहीत धरता, आणि मला हेच मान्य नाही. आपल्याच मुलखातल्या बलुतेदारीत काम जन्माने ठरत असे, मोबदला खळ्यावर दुसऱ्याच्या मर्जीने मिळत असे, आणि मेलेले जनावर ओढणाऱ्याला पाणवठा मात्र बंद असे. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात महार वतन, म्हणजे जन्माने गळ्यात पडणारी गावकामाची सक्ती, रद्द केले, कारण ते बंधन आपणहून सुटणारे नव्हते. बाराव्या शतकात बसवण्णांभोवती (बसवेश्वरांभोवती) जमलेल्या शरणांमध्ये, म्हणजे त्यांच्या पंथातील शिवभक्तांमध्ये, चांभारही होते आणि परीटही. तो समाज जुन्या समाजाला नाकारूनच उभा राहिला होता.

खानापूरकर: बलुत्याचे उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. पैऱ्यात जो फेड करत नाही त्याला पुढच्या हंगामात कोणी बोलावत नाही, आणि ज्याला यायचे नाही तो नाही म्हणू शकतो. हा नकाराचा हक्क काढून घेतला की देवघेवीची वेठबिगार होते. निपाणीकर, तुमचे खांब ओढणाऱ्यांनाही कोणीतरी जेवू घालतच असेल.

निपाणीकर: जेवणाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ चढून पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला, तेव्हा अडकलेल्या परप्रांतीय ट्रकचालकांना परिसरातील लोकांनी भाकरी-पिठले नेऊन दिले. त्यांच्यापैकी कित्येकांची स्वतःची पिके त्याच वेळी पाण्याखाली होती. ते चालक फेडीसाठी परत येणार नाहीत, हे देणाऱ्याला ठाऊक होते. आपल्या पैऱ्याच्या हिशेबात ही भाकरी कोठे बसते, ते सांगावे.