'डस्टी इन मेम्फिस' सोल आहे की नाही? माझं उत्तर ठाम 'आहे'

उत्तररात्र
आम्ही चार मित्र दर रविवारी जुन्या रेकॉर्ड ऐकायला जमतो. गेल्या खेपेला मी डस्टी स्प्रिंगफील्ड या गायिकेचा १९६९ सालचा 'डस्टी इन मेम्फिस' हा अल्बम लावला. दुसरी बाजू संपायच्या आत एकजण म्हणाला, "गाते सुरेख, पण हे सोल नव्हे. सोल म्हणजे अरेथा फ्रँकलिन." सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची गायकी, आणि अरेथा तिच्यातलं सर्वांत मोठं नाव. तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. आठवडाभर तेच डोक्यात घोळतंय, म्हणून इथे मांडतो.

डस्टी लंडनची, आयरिश घरातली, मूळची मेरी ओब्रायन. इंग्लंडात ती आधीच मोठी गायिका होती. १९६८ मध्ये तिने अमेरिकेसाठी अटलांटिक कंपनीशी करार केला, कारण अरेथा तिथे गात होती. निर्मातेही तेच मिळाले: जेरी वेक्सलर, टॉम डाउड, आरिफ मार्डिन. सप्टेंबरमध्ये मेम्फिसच्या अमेरिकन साउंड स्टुडिओत काम सुरू झालं.

तिचा आवाज मोठा होता, जोरकस होता. आधीच्या गाण्यांत तिने तो भरपूर वापरलाय. इथे मात्र ती तो आवरून धरते. शब्द तालाच्या किंचित मागे ठेवते, ओळीच्या शेवटी श्वास ऐकू येऊ देते. रँडी न्यूमनचं 'आय डोन्ट वॉन्ट टु हिअर इट एनीमोअर' ऐका. लाकडी इमारत, लहान खोल्या, आणि भिंतीपलीकडून शेजाऱ्यांची कुजबुज येतेय की हिच्या माणसाचं हिच्यावर प्रेम नाही. मी गिरगावात चाळीत वाढलो. भिंतीपलीकडचं ऐकू येणं म्हणजे काय, आणि ते ऐकूनही सकाळी नळावर त्याच बायकांसमोर उभं राहणं म्हणजे काय, हे मी जवळच्या माणसांत पाहिलंय. डस्टी त्या गाण्यात आक्रोश करत नाही. तशी बाई आक्रोश करतच नाही, कारण तो भिंतीपलीकडे ऐकू जाईल. हे जिला कळलं तिच्या गाण्याला सोल म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

पांढरी चार
तुमचं चाळीचं वाचून गलबलून आलं. तरीही असहमत.

भावना खरी असली की गाणं सोल होत नाही. तसं असतं तर आपली निम्मी भावगीतं सोल झाली असती. सोल ही एक गायकी आहे, तिला घराणं आहे, आणि ते घराणं कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये घडलं. अरेथाचे वडील डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक. ती लहानपणापासून तिथे गायली. १९६७ चा 'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू' ऐकताना ती स्वतः पियानोवर बसलेली आहे आणि मंडळी तिला साद देतायत असं वाटतं. ते अंगात मुरलेलं असतं, करारावर सही करून मिळत नाही.

आणि 'इन मेम्फिस' तरी कुठे? साथीदारांनी मेम्फिसला वाजवलं, पण डस्टीचं अंतिम गायन न्यूयॉर्कमध्ये घेतलं गेलं. अकरापैकी चार गाणी गॉफिन-किंग या पॉप गाणी लिहिणाऱ्या जोडीची, दोन न्यूमनची, एक बॅकरॅक-डेव्हिड या तशाच दुसऱ्या जोडीचं. 'द विंडमिल्स ऑफ युअर माइंड' तर फ्रेंच संगीतकाराचं सिनेमातलं गाणं. हा अतिशय देखणा पॉप अल्बम आहे. त्यात कमीपणा काय आहे?

रानजाई
गाणी कुणी लिहिली यावरून ठरवायचं असेल तर पंचाईत होईल. अरेथाचं 'अ नॅचरल वुमन' कुणाचं? गॉफिन, किंग आणि वेक्सलरचं. १९६८ मध्ये तिने बॅकरॅकचं 'आय से अ लिटल प्रेअर' गायलं, ते काय पॉप म्हणून बाजूला ठेवायचं?

वादकांचंही तेच. मेम्फिसच्या त्या स्टुडिओत बास गिटारवर टॉमी कॉगबिल होता. अरेथाच्या 'रिस्पेक्ट'मध्ये बास वाजवणारा हाच गोरा माणूस. गिटारवर रेजी यंग, ड्रम्सवर जीन ख्रिसमन. 'सन ऑफ अ प्रीचर मॅन'च्या सुरुवातीला रेजी यंगची ती तुकड्यातुकड्यांची गिटार काढून टाका, गाणं उघडं पडेल. मागे गाणाऱ्या स्वीट इन्स्पिरेशन्स, म्हणजे सिसी ह्यूस्टनचा गट, अरेथाच्या मागेही त्याच. मला तर वाटतं या अल्बमबद्दल बोलताना आपण एकट्या डस्टीबद्दल फार बोलतो आणि या माणसांबद्दल फार कमी.

खडीसाखर
मला वेगळाच मुद्दा छळतो, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्येच मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. ते तिथे सफाई कामगारांच्या संपासाठी गेले होते. पाचच महिन्यांनी त्याच शहरात हा अल्बम सुरू झाला. डस्टीचा त्यात दोष नाही. पण आज कुणी 'मेम्फिसमधल्या बाईचा सोल अल्बम' म्हटलं की पहिलं नाव लंडनच्या गोऱ्या गायिकेचं येतं, याचं मला वाईट वाटतं. कार्ला थॉमस मेम्फिसचीच, स्टॅक्स या तिथल्या सोल रेकॉर्ड कंपनीची. तिच्यावर असा धागा मी आजवर वाचलेला नाही. थोडी नंतरची ॲन पीबल्स, तिची तीच गत. अरेथाच्या थोरल्या बहिणीने, अर्मा फ्रँकलिनने, १९६७ मध्ये 'पीस ऑफ माय हार्ट' गायलं. पुढच्याच वर्षी ते गोऱ्या रॉक गायिकेने, जॅनिस जॉप्लिनने, गायलं आणि बहुतेकांना ते तिचंच वाटतं. उत्तररात्र, तुम्ही प्रेमाने लिहिलंय, त्यावर शंका नाही. पण अभिजात कुणाला म्हणायचं हे ठरवणारे कान कुणाचे होते, हेही विचारायला हवं.

उत्तररात्र
खडीसाखर, तुमचं म्हणणं मान्य. कार्ला थॉमस मी नीट ऐकलेली नाही, ही माझी उणीव.

डस्टीच्या बाजूने दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. १९६४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाने वेगळ्या बसवलेल्या प्रेक्षकांपुढे गायला तिने नकार दिला आणि तिला तो देश सोडावा लागला. १९६५ मध्ये ब्रिटिश टीव्हीवर मोटाउन या अमेरिकेतल्या सोल रेकॉर्ड कंपनीच्या कृष्णवर्णीय कलाकारांचा खास कार्यक्रम झाला, त्याची सूत्रधार तीच. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना ती विसरली नव्हती.

पांढरी चार, घराण्याचा मुद्दा वजनदार आहे. पण तिला तो तुमच्यापेक्षा जास्त छळत होता. वेक्सलरने निवडून ठेवलेल्या ढीगभर गाण्यांतलं पहिल्या खेपेला तिला एकही पसंत पडलं नाही. मेम्फिसच्या स्टुडिओत तिला सांगण्यात आलं की याच जागी सोल गायक विल्सन पिकेट उभा राहून गायला, आणि तिचा आवाजच फुटेना. न्यूयॉर्कला गातानाही ती हेडफोनमध्ये वाद्यं इतकी मोठी लावून घेई की स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नसे. आपण त्या रांगेत उभं राहायच्या लायकीचे नाही असं तिला मनापासून वाटत होतं. अल्बममध्ये जो संकोच, जे राखून गाणं मला आवडतं, ते तिथूनच आलंय असं मी मानतो. अरेथाची नक्कल तिने केली असती तर मी आज हा धागा काढला नसता.

पांढरी चार
काल रात्री मुद्दाम दोन्ही 'प्रीचर मॅन' पाठोपाठ ऐकले. गाणं आधी अरेथाला देऊ केलं होतं, तिने नाकारलं. डस्टीचं अमेरिका आणि इंग्लंड दोन्हीकडे खपाच्या यादीत पहिल्या दहांत गेल्यावर अरेथाने ते गायलं, तो अल्बम १९७० चा. तिच्या गाण्यात मागच्या बायका चर्चमधल्यासारख्या उत्तर देतात आणि ती त्या उत्तरावर स्वार होते. डस्टीच्या गाण्यात मुलगी जुनी गोष्ट आठवतेय, स्वतःशीच हसतेय. गोष्ट डस्टीने चांगली सांगितली, हे मी मानतो. गाणं अरेथाचं मोठं आहे, हेही सांगतो. 'ब्रेकफास्ट इन बेड' मात्र मी तीनदा ऐकलं. दारात आलेल्या माणसाला ती ज्या आवाजात आत बोलावते, त्याला मला नाव देता येत नाही.

'विंडमिल्स'वर मी हटणार नाही. ते गाणं या अल्बममध्ये नको होतं.

रानजाई
'विंडमिल्स'बाबत पांढरी चारशी सहमत. दर वेळी मी ते ओलांडून पुढे जाते.

अल्बम निघाला तेव्हा अमेरिकेत खपाच्या यादीत ९९ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही, इंग्लंडच्या यादीत तर आलाच नाही. म्हणजे त्या वेळी पॉपवाल्यांनीही आपला म्हटलं नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात घेतला २०२० मध्ये. डस्टी १९९९ लाच गेली होती.

खडीसाखर
उत्तररात्र, पुढच्या रविवारी काय लावणार आहात? कार्ला थॉमसचं 'जी व्हिज' लावा. ते निघालं तेव्हा ती विशीतही नव्हती, आणि गाणं तिचं स्वतःचं आहे. ऐकून झालं की इथेच लिहा, मी वाट पाहते.