म्हणे षटकोन गेला आणि बजाज तरुण झाली!

पेठेतला : काल इथे कुणीतरी लिहिलंय : "2004 मध्ये बजाजने जुना षटकोन टाकून उडता 'बी' आणला आणि स्कूटरवाल्यांची कंपनी तरुणांची झाली. लोगो बदला, ब्रँड बदलतो." चहा नाकात गेला माझ्या. अहो, पल्सर 2001 ची! दोन वर्षांहून जास्त काळ ती षटकोनवाल्याच कंपनीची होती, तरी पोरं तुटून पडलीच ना? लग्न लागल्यावर नवरदेवाला फेटा बांधायचा आणि म्हणायचं, फेट्यामुळे जमलं!

रेषावाली : लिहिणारी मीच. लोगोने गाडी पळते असं मी म्हटलेलं नाही. पण जाहिरातीत पल्सर आणि शोरूमच्या पाटीवर आजोबा, हे किती दिवस चाललं असतं? आणि ते काम पुण्याच्याच एलिफंट डिझाइनचं. तुम्हाला तर अभिमान हवा.

कागदवाला : आमचा छापखाना आहे. एका कंपनीने (नाव नको) लोगोतला निळा किंचित गडद केला. चार हजार लेटरहेड बांधून तयार होते, उचललेच नाहीत. दोन्ही कागद शेजारी ठेवून त्यांच्याच माणसाला विचारलं, यात नवा कुठला? त्याने जुन्यावर बोट ठेवलं. पाठकोऱ्या बाजूवर माझ्या लेकीची अख्खी दहावीची गणितं झाली.

पेठेतला : घ्या! ट्रॉपिकाना ज्यूसवाल्यांनीही 2009 मध्ये खोक्यावरच्या चित्रातला, संत्र्यात खुपसलेला स्ट्रॉ काढला. दोन महिन्यांच्या आत विक्री 20 टक्क्यांनी खाली. मुकाट जुनं खोकं परत.

रेषावाली : ते खोकं होतं, नुसता लोगो नव्हे. 'गॅप' या कपड्यांच्या ब्रँडचं उदाहरण दिलं असतंत तर ऐकलं असतं. 2010 मध्ये नवा लोगो आणून आठवड्याच्या आत माघार घेतली त्यांनी. तुमचा मुद्दा मलाच मांडावा लागतोय.

पिंपरीकर : ते राहू द्या. "स्कूटरवाल्यांची" असं नाक मुरडून का लिहिलंय? पुढे मी उभा, मागे आई, आईच्या मांडीवर बहीण आणि पायांपाशी गव्हाचं पोतं, असे आम्ही चक्कीवर जायचो. सकाळी बाबा स्कूटर तिरकी करायचे, मग किक.

कागदवाला : कुठल्या बाजूला तिरकी?

पिंपरीकर : उजव्या.

कागदवाला : डाव्या! आयुष्य गेलं माझं त्यात.

पेठेतला : चोक ओढायला शिकला असतात दोघं, तर कुठेच तिरकी करावी लागली नसती.

पिंपरीकर : पुण्यात शिकवतात वाटतं चोक ओढायला? बाबा गॅरेजवाल्याला शिकवायचे. पेट्रोल उतरावं लागतं खाली.

पेठेतला : प्लग काळा पडला असेल. तेल जास्त ओतत असतील बाबा.

पिंपरीकर : बाबांवर जाऊ नका. सांगून ठेवतो.

रेषावाली : मी लोगोवर लिहिलं होतं, आठवतंय का कुणाला? बरं, पेठेतले, अर्धा मुद्दा दिला तुम्हाला. 2020 मध्ये बजाजने इलेक्ट्रिक स्कूटर आणली तेव्हा नाव जुन्या स्कूटरचंच, चेतक, ठेवलं. जुनं सगळंच टाकाऊ नसतं. खूश?

पेठेतला : अर्धाच? उरलेला अर्धा कुरिअरने पाठवा.

कागदवाला : पिंपरीकर, घरी विचारलं. बायकोही डावीच म्हणते.