प्रति: वॉरंटीचे पैसे बुडाले समजायचे का?

वरच्या भाऊनं लिहिलं का एक्स्टेंडेड वॉरंटी एकदा बिलात आली का पैसे बुडाले, अन् केस कराची तं नागपूरले चकरा कोण मारते. पहिलं अर्धंच खरं हाय जी. ही वॉरंटी मूळ वॉरंटी संपल्यावर चालू होते, त्याच्या आधी काही रक्कम कापून कॅन्सल करायची सोय बऱ्याच कंपन्यांच्या अटीत असते, मागच्या पानावर बारीक अक्षरात, सेल्समन काही सांगत नाही. लोनमधे घुसवली असन तं रिफंड बहुतेक लोन खात्यातच जमा होते, हातात नाही.

अन् नागपूरचं म्हणाल तं 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार टाकता येते, वस्तू-सेवेसाठी भरलेली रक्कम 5 लाखापर्यंत असली तं फी नाही. आमच्या काकानं यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यावरून डीलरले लेखी कळवलं का आता यवतमाळलेच अर्ज टाकतो, तं फोन न उचलणारा मॅनेजर स्वतःच "काका, रिफंड टाकाले कॅन्सल चेक पाठवा" म्हणे. कॅन्सलच्या अर्जावर डीलरचा शिक्का मारलेली पोच होती काकापाशी, ती मात्र घ्याच. आयोगात जायच्या आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावून पाहा, मराठीत बोलता येते.