लर्निंग ॲपला रिक्वायरमेंट डॉक्युमेंट लागतं की नाही?

सेमीकोलन
काल 'उंटावरून' यांनी लिहिलं होतं, "शिकायच्या ॲपला कसल्या रिक्वायरमेंट गोळा करता? प्रोटोटाइप काढा, मुलांच्या हातात द्या, बाकीचं आपोआप कळतं." रिक्वायरमेंट म्हणजे ॲपनं कधी काय करायचं, ते बनवण्याआधी ठरवून लिहिणं. वाचून डोकं उठलं, म्हणून लांबलचक लिहितोय.

मुलांच्या हातात दिलं की बटण सापडतंय का ते कळतं. चाचणी चालू असताना फोन आला तर वेळ थांबवायची का, हे कळत नाही. एकाच फोनवर दोन भावंडं शिकतात, तर प्रगती कुणाच्या नावावर? आमच्याकडे "ॲप ऑफलाइन चालावं" एवढीच ओळ होती. डेव्हलपरनं धडे डाउनलोड करायची सोय दिली. उत्तरं मात्र सर्व्हरला पोचेपर्यंत 'पूर्ण' बटण राखाडीच! टेस्टरनं पासही केलं, ॲप ऑफलाइन उघडत होतं ना.

उंटावरून
म्हणजे डॉक्युमेंट असूनही घोळ झालाच की! माझंच म्हणणं सिद्ध केलंत, आभार. आयईईई ८३० या रिक्वायरमेंट लिहायच्या स्टँडर्डच्या साच्यातले ग्रंथ मी पाहिलेत. सही करणाऱ्यानं अनुक्रमणिकेपुढे पान उलटलेलं नसतं.

फळा_खडू
मी शिकवते. आम्हाला विचारतं कोण? डॅशबोर्डवर कुणी किती मिनिटं ॲप उघडं ठेवलं ते दिसतं. ॲप उघडं ठेवून पोरगं खेळायला गेलं तरी मिनिटं वाढतातच. वर्ग कुठल्या प्रश्नाला अडला आणि चुकीचा कुठला पर्याय निवडला, ते दाखवा की!

बग_बहाद्दर
ऑफलाइनच्या गप्पा मारायच्या आणि कंटेंट स्कॉर्म १.२ मध्ये मागायचा! ऑनलाइन कोर्स बांधायचं २००१ चं स्टँडर्ड आहे ते. कोर्स ब्राउझरमध्ये उघडा आणि जावास्क्रिप्टनं एलएमएसशी, म्हणजे कोर्स चालवणाऱ्या सिस्टिमशी, बोलतोय, हे त्यात गृहीतच. अर्धवट सोडलेला धडा लक्षात ठेवायला जागा ४०९६ अक्षरांची. शिकण्याच्या नोंदी पाठवायचं नवं स्टँडर्ड, एक्सएपीआय १.०, २०१३ मध्येच आलं, एवढी वर्षं झाली. स्टेटमेंट, म्हणजे 'कुणी काय केलं' ही एकेक नोंद, फोनवर साठवा, नेट आलं की पाठवा. विषय संपला.

सेमीकोलन
कसला संपला? एक्सएपीआय नोंद पोचवतं, निवाडा करत नाही. फोनवर ऑफलाइन चूक उत्तर दिलं, मग टॅबवर ऑनलाइन बरोबर दिलं, आणि संध्याकाळी फोन सिंक झाला. आता खरं कुठलं?

बग_बहाद्दर
टाइमस्टँप बघा! तुम्ही एलआरएस, म्हणजे या नोंदी साठवणारा सर्व्हर, कधी चालवलाय का, की नुसत्या एक्सेल शीट भरता?

सेमीकोलन
टाइमस्टँप फोनच्या घड्याळातून येतो, साहेब. मुदत चुकली की पोरं तारीख मागे करतात. नोंदीतली दुसरी, 'स्टोअर्ड'ची वेळ सर्व्हरची, पण ती नोंद पोचल्याची, उत्तर दिल्याची नव्हे. एक्सेल भरणाऱ्यालाही एवढं कळतं.

बग_बहाद्दर
मग सर्व्हरच्या वेळेशी फोनचा फरक मोजून ठेवा. सगळं स्टँडर्डनंच करायचं का?

सेमीकोलन
नेट नसताना कुठल्या सर्व्हरशी मोजू? आणि मोजायचं असेल तर ते आधी कुठेतरी लिहावं लागेल ना? त्यालाच रिक्वायरमेंट म्हणतात.

उंटावरून
भांडू नका. बरं, सिंक आणि शेअर केलेला फोन, एवढं आधी लिहून ठेवा. पुढे डेटाबेसची मोडतोड महागात पडते, हे मलाही ठाऊक आहे. पण स्क्रीन, बॅज, नोटिफिकेशन यांवर चार-चार पानं लिहाल तर माझा पाठिंबा गृहीत धरू नका. दोन पानांचं डॉक्युमेंट झालं, घ्या, जिंकलात.

फळा_खडू
फोन की टॅब, हे तुम्ही कोण ठरवणार? सराव असेल तर मी शेवटचं उत्तर धरते, कारण मूल चुकून शिकलेलं असतं. चाचणीत पहिलंच. आणि सरावातली चुकीची उत्तरंही पुसायची नाहीत, मला बघायची असतात. घड्याळाचं काय ते तुमचं तुम्ही बघा.

सेमीकोलन
बाई, मग प्रत्येक प्रश्नसंचाला 'सराव की चाचणी' ही खूण लावावी लागेल. ती कोण लावणार, कंटेंट टीम की तुम्ही?

फळा_खडू
मी. आणि तोच संच सोमवारी सराव, शुक्रवारी चाचणी म्हणून देईन. आता बसवा तुमच्या दोन पानांत.