दुधाचा कोटा: मागील उत्पादन हाच निकष का?

ताळेबंद
‘ज्याने जितके दूध घातले, तितका त्याचा कोटा, बाकी सारी खिरापत’ हे कोट्याबद्दलचे, म्हणजे दंड न भरता किती दूध विकता येईल या मर्यादेबद्दलचे, ‘जुना गोठा’ यांचे विधान वाचून उत्तर देणे भाग पडले. युरोपीय समुदायाने (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपाने) १९८४ मध्ये कोटा लावला, तेव्हा १९८१ ते १९८३ यांपैकी एका वर्षाचे उत्पादनच आधार धरले होते. परंतु त्याआधी त्याच समुदायाने अनुदान देऊन ज्यांना पाच वर्षे दूध न विकण्यास राजी केले होते, त्यांचे त्या वर्षातील उत्पादन शून्य असल्याने त्यांच्या वाट्याला कोटाच आला नाही. मुल्डर या डच शेतकऱ्याने दाद मागितली आणि १९८८ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. मागील आकडा म्हणजे कर्तृत्व, हे समीकरण म्हणूनच मला मान्य नाही.

जुना गोठा
एका खटल्यावरून सर्वांचा निकष मोडीत काढण्याची घाई कशाला? रोगाने जनावरे दगावलेल्यांचा आणि मंजूर आराखड्यानुसार गोठा वाढवणाऱ्यांचा वेगळा विचार करण्याची तरतूद त्याच नियमांत होती, हे आपण सोयीस्करपणे वगळले. त्याऐवजी सर्वांना समान वाटप झाल्यास दोन गायीवाल्याचा कोटा पडून राहील आणि कर्ज काढून गोठा उभारलेला मी जादा दुधावर दंड भरत बसेन.

दुसरी पिढी
पडून राहत नाही, भाड्याने जातो! आमच्याकडे गायी आहेत, कालवडी वाढत आहेत. कोटा मात्र गोठा कधीच मोडलेल्या शेजाऱ्याकडे आहे आणि दुधाच्या पैशांतून पहिला वाटा त्यालाच जातो. जर्मनीत अशांना सोफ्यावर बसून धारा काढणारे म्हणत, ते उगाच नव्हे. कॅनडात रोजच्या एका किलो स्निग्धांशाच्या, म्हणजे साधारण एका गायीच्या दुधाच्या कोट्याला ओंटारिओसारख्या प्रांतात २४,००० डॉलरची कमाल मर्यादा घालावी लागली. हक्क गायीपेक्षा कितीतरी महाग झाल्यावर नव्या माणसाने या धंद्यात यावे कसे?

भाकड काळ
सोफ्याची भाषा मागे घ्यावी. वडिलांचे गुडघे गेले, धारा काढायला घरात कोणी उरले नाही, गायी विकल्या. गोठ्याचे कर्ज मात्र राहिले आणि ते या भाड्यातूनच फिटत आहे. आपणास परवडत नसेल तर घेऊ नये, मागणाऱ्यांची रांग आहे.

दुसरी पिढी
रांग आहे, हीच तर तक्रार आहे. सोफा मागे घेतो. भाडे काही मागे येणार नाही.

ताळेबंद
भाड्याचा वाद मूळ वाटपातूनच जन्मतो. न वापरलेला कोटा ठरावीक मुदतीनंतर राखीव साठ्यात जमा करून नवागतांना द्यावा. असे राष्ट्रीय साठे युरोपातही होतेच.

जुना गोठा
साठ्याला माझा विरोध नाही, एवढे औदार्य नोंदवून ठेवावे. मात्र तो भाड्याच्या कोट्यातून भरावा. रोज दूध घालणाऱ्यांच्या वाट्यात सरसकट कपात करून नव्हे.

भाकड काळ
म्हणजे पुन्हा आमच्याच खिशातून! आधी कर्ज फिटेपर्यंतची मुदत नियमात लिहा, मग साठ्याचे बोलू.